दोन अर्धविरामांपुढचं

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परवा तू फोन ठेवलास, ठेवलास कसला, आपटलास. त्याआधी म्हणालीस की यापुढे काय सांगायचं ते लिहून पाठव, फोनवर तू फार ओरडतोस. बरं. लिहितो.

डिसेंबरात बाबांना झटका आला तेव्हा मी आठ दिवस येऊन गेलो. त्या आठ दिवसांत त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, चष्मा आणि कॉम्प्युटर. डावा हात गेलाय. पण उजवा शाबूत आहे, वाचा शाबूत आहे, डोकं शाबूत आहे. आणि अशा माणसाच्या मशीनवरचा इमॅक्स काढून तू तिथे तुझा विम बसवायला निघालीस. तुझी भावजय मला हसते. म्हणते, माउसला हात न लावता प्रोग्राम लिहायच्या दोन पाट्या त्या, त्यापायी बहीणभावांनी बोलणं टाकायचं? तिला काय सांगू! ती या धंद्यातली नाही.

बाबा चौतीस वर्षं इमॅक्समध्ये लिहितायत. डाव्या करंगळीने कंट्रोल दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने पुढची कळ, हे त्यांच्या हातात मुरलंय. करंगळी गेली तर त्यावर सोय आहे. ती चालू केली की कंट्रोल धरून ठेवावी लागत नाही. दाबायची, सोडायची, मग पुढची दाबायची. तुझ्या विममध्ये काय आहे? आत्ता कळ दाबली तर अक्षर उमटतं, जरा वेळाने तीच दाबली तर ओळच गायब होते. लिहायच्या अवस्थेत आहोत की हुकूम सोडायच्या, हेच माणसाला कळत नाही. हे तू अडुसष्टाव्या वर्षी, झटक्यानंतर, त्यांना शिकवणार?

हवं तर इमॅक्सच्या पोटातसुद्धा तुझा विम बसवता येतो. पण बाबा उपाशी राहतील, ते पाप करणार नाहीत. एवढं मी त्यांना ओळखतो.

छोट्या

९ फेब्रुवारी

छोट्या,

उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, अकरा तासांच्या विमानावरून हाकणारा तू पहिलाच.

इथे काय चाललंय ते सांगते. टेबल खिडकीशी सरकवलंय. बाबा खुर्चीत बसले की आधी उजव्या हाताने डावा हात उचलतात आणि उशीवर ठेवतात, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मग चष्मा. मग सुरुवात. तुझी ती सोय मी तुझ्या आधी लावून पाहिली. त्यांचा उजवा हात थरथरतो, कंट्रोल एकदाच्या जागी दोनदा लागते आणि सगळं फिसकटतं. काल एक ओळ दुरुस्त करायला सव्वीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं नव्हतं, त्यांनीच लावलं होतं.

आणि हे काही वेळ घालवायचं खेळणं नाही. वाचनालयाचा देवघेवीचा प्रोग्राम त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिला, तो अजून चालतो. त्यांचं चालू असलेलं असं तेवढं एकच उरलंय. ग्रंथपाल बाईंना त्यात बदल हवाय, एका शाखेतून नेलेलं पुस्तक दुसऱ्या शाखेत परत करता आलं पाहिजे. ३१ मार्चपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर समिती बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घेणार. मी करून देते म्हटलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "माझं आहे, मी करणार," म्हणाले.

विममध्ये एका वेळी एकच कळ असते. काही धरून ठेवायचं नाही. एक हात पुरतो. वाद घालण्यासारखं यात काही नाही, पण तुझ्या इमॅक्सच्या भक्तीला ते दिसायचं नाही.

आणि "मी त्यांना ओळखतो" हे मला सांगू नकोस. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा त्यांनी शेजारी स्टूल टाकून तुला शिकवायला सुरुवात केली. मी चौदाची, दारात उभी. मला म्हणाले, "तुझा अभ्यास असेल ना?" नव्हता. पुढे पहिल्या नोकरीत आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, कुठला एडिटर शिकायचाय? मी म्हटलं, इमॅक्स सोडून कुठलाही. हे आज पहिल्यांदा सांगतेय. पण आज त्यांना अंघोळ कोण घालतं, तेही एकदा मोजून बघ.

ताई

१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अंघोळीचं मधे आणून तू मुद्दा जिंकत नाहीस. मी इथे मजा मारायला राहिलो नाही.

तुला एक गोष्ट कधी कळली नाही, ती सांगतो. बाबांची आणि माझी एक सामाईक फाईल आहे. इमॅक्स कसा चालावा, कुठल्या कळेने काय व्हावं, हे सगळं त्या एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मी कॉलेजला गेलो तेव्हा त्यांनी तिची एक प्रत मला दिली. तेव्हापासून मी काही घातलं की त्यांना पाठवायचं, त्यांनी घातलं की मला. दोन अर्धविराम टाकून पुढे काही लिहिलं तर ते मशीन वाचत नाही, ते माणसासाठी असतं. अगदी वरची ओळ बाबांची आहे: "ही फाईल दोघांची. कुणी एकट्याने बदलू नये." अजूनही ते दर पहिल्या तारखेला मला ती पाठवतात. माझा दिवस रोज त्या फाईलने सुरू होतो, ताई. एवढी वर्षं. तेव्हा त्यांच्या बोटांना काय लागतं ते मला विचार.

काल रविवार होता, इथूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरलो. ती सोय नीट लावली, थरथरीसाठी कळेला जरा उशीरही ठेवला, आणि आपली फाईल ताजी करून टाकली. आता त्यांना बसव. मधे मधे बोलू नकोस.

छोट्या

३ मार्च

छोट्या,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहायला हात धजत नव्हता.

तू सांगितलंस तसं त्यांना बसवलं. मधे बोलले नाही. त्या दिवशी स्वारी खुशीत होती, दाढी करून घेतली होती. हात उशीवर ठेवला, चष्मा लावला, वाचनालयाचा प्रोग्राम उघडला. मग माझ्याकडे तिरपं बघून जरासे हसले आणि "जे" ही कळ दाबली. पडद्यावर जे उमटला. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. प्रोग्रामच्या मधोमध जे जे जे जे अशी ओळ झाली.

"खाली जायला हवं होतं," म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, जे दाबल्यावर खाली जातं ते माझ्या विममध्ये. हा तुमचा इमॅक्स आहे."

"नाही ग. यात पण जातं. मी करून घेतलं होतं."

"कधी?"

"झाली तीनेक वर्षं." मग म्हणाले, "तुला सांगायचं नव्हतं असं काहीतरी होतं."

मी काय केलं असेल? त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं, माझं बघून बघून तुमच्या डोक्यात बसलं असेल. मग त्यांनी आणखी बऱ्याच कळा दाबून पाहिल्या. शोधायची, ओळींची घडी घालून झाकायची, शाखांची यादी काढायची. दर वेळी खाली तेच यायचं, अशी कळ नाही. प्रत्येक वेळी मला सांगायचे, "ही होती." मी दर वेळी म्हणायचे, "बरं बाबा."

डॉक्टरांकडे नेलं. शंभरातून सात सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला लावलं. सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर काहींना न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवतात, वाद घालू नका. बाबा ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ज्याला खोटं आठवतं त्याच्या हातात वाचनालय द्यायचं नाही. बाईंना कळव."

मी विममध्ये बसू या म्हटलं. नको म्हणाले. बाईंना मी कळवलं. खरं तर थांबता आलं असतं, महिना होता हातात. मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुझ्याशी खोटं का बोलू? मशीनवर आता टॉवेल टाकलाय. ते दिवसभर खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघतात.

ताई

६ मार्च

प्रिय ताई,

वाचून वाईट वाटलं. पण वय आहे, झटका मोठा होता, आपण किती ताणणार. डॉक्टर म्हणतात तसं करावं. मशीन बंदच ठेव, उगाच उघडून त्यांना त्रास नको. तुला विम बसवायचा तर बसव, माझी हरकत नाही. तुझंच बरोबर होतं म्हण.

मे महिन्यात येतो तेव्हा बघू.

छोट्या

२७ मार्च

छोट्या,

"तुझंच बरोबर होतं." जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य तू तीन ओळींत म्हणून मोकळा झालास, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण जिंकल्याचं बरं वाटलं मला. त्या बरं वाटण्यात तीन आठवडे घालवले.

काल ग्रंथपाल बाईंना जुनी कागदपत्रं हवी होती म्हणून बाबांचं मेल उघडलं. पाठवलेल्या मेलमध्ये दर पहिल्या तारखेला तुला एक. शंभरावर आहेत. शेवटचं एक डिसेंबरचं, झटक्याच्या नऊ दिवस आधीचं. त्याला जोडलेली ती तुमची सामाईक फाईल मी उघडली. मग त्यांच्या मशीनवरची उघडली, तू "ताजी" केलेली. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या.

तू टाकलेली नऊ वर्षांपूर्वी संपते.

बाबांनी सांगितलेली प्रत्येक कळ खऱ्या फाईलमध्ये आहे, छोट्या. शोधायची आहे. घडी घालायची आहे. शाखांच्या यादीची आहे. एकही खोटी नाही. तू त्यांच्या डोक्यातली नऊ वर्षं एका झटक्यात पुसलीस, आणि पहिला झटका डॉक्टरांना तरी दिसला होता.

दोन अर्धविरामांपुढचं माणसासाठी असतं म्हणालास ना? मग हे तुझ्यासाठी आहे. उतरवून पाठवते, कारण तू उघडलं नसशीलच.

";; शब्द शोधायला नवी कळ. तुझ्याकडे चालते का बघ."

";; मागच्या कळेचं काही बोलला नाहीस. चालत असेल असं धरतो."

";; आई गेल्यावर आज पहिल्यांदा बसलो. बदल काही नाही. तशीच पाठवतो."

";; पाठवली की मिनिटाच्या आत तुझं 'मिळाली बाबा, मस्त' येतं. तिकडे पहाट असते. एवढा जागतोस? तब्येत सांभाळ."

ही उत्तरंही पाहिली मी. शंभरावर. सगळ्यांत तेच तीन शब्द, स्वल्पविरामासकट. मीही याच धंद्यात आहे, आपोआप जाणारं उत्तर मला ओळखू येतं. बापाला पोच द्यायला तू चार ओळींचा प्रोग्राम लिहिलास.

आणि आता हे, तीन वर्षांपूर्वीचं:

";; ताईचा विम यात आत बसवून घेतला. वाईट नाही, करंगळीला आराम पडतो. तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

आणि एक डिसेंबरचं:

";; ताईच्या कळा आता न बघता येतात. एक दिवस तिच्यासमोर बसून सहज दाबून दाखवणार आहे. तोंड कसं करते बघू."

तोवर माझ्यासमोर कंट्रोलशीच झगडत राहिले, गुपित फोडलं नाही. मग दाखवल्या त्यांनी. दाढी करून बसले होते त्या दिवशी. मी तोंड कसं केलं ते तुला लिहिलंच आहे.

तू कधीपासून त्यात काम करत नाहीस?

ताई

२८ मार्च

ताई,

नऊ वर्षं झाली. इथे रुजू झालो त्याच महिन्यात सोडला. कंपनीत सगळ्यांना एकच एडिटर होता, साधा, माउसवाला, सगळे तोच वापरायचे. मी एकटा कंट्रोल धरून बसायचो तर पोरं हसायची. एक दिवस सोडला. बाबांना सांगू म्हटलं, पण त्यांची फाईल आली. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग ते उत्तर आपोआप जायची व्यवस्था केली, तात्पुरती. तात्पुरतंच होतं ग ते.

फेब्रुवारीत त्यांच्या मशीनमध्ये शिरलो तेव्हा वाटलं, माझ्याकडे जी आहे तीच त्यांच्याकडे असणार, थोडीफार इकडेतिकडे. सामाईकच ना. त्यांची उघडूनही पाहिली नाही. तुझं तीन मार्चचं पत्र वाचलं आणि पहिल्या दोन ओळींतच कळलं मी काय केलं ते. तेव्हा सांगायला हवं होतं. भ्यालो. आणि तुझ्याशी वाद होता, ताई. तुझ्याशी वाद नसता तर कदाचित सांगितलं असतं. हे कारण म्हणून देत नाही, तसं झालं म्हणून सांगतो.

खरी फाईल परत टाक. त्यांना सांग की मशीन बिघडलं होतं, तुमचं डोकं ठीक आहे. पण नऊ वर्षांचं सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या. मी येऊन सांगेन, समोर बसून सांगेन.

छोट्या

९ एप्रिल

छोट्या,

मी लपवायचा प्रयत्न केला, हे आधी लिहिते. तू म्हणालास म्हणून नाही, माझ्याच्याने सांगवेना म्हणून.

फाईल परत टाकली. टॉवेल काढला. त्यांना म्हटलं, मशीन बिघडलं होतं, आता दाबून बघा. त्यांनी जे दाबला. खाली गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. शोधायची दाबली, घडीची दाबली. सगळ्या दाबल्या. मी रडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

मग विचारलं, "काय बिघडलं होतं?"

मी म्हटलं, फाईल जुनी झाली होती.

"जुनी आपोआप होत नसते," म्हणाले. चौतीस वर्षं याच कामात घालवलेल्या माणसाला काय थाप मारणार मी? आणि मला निवडायचं होतं, छोट्या. एकतर त्यांचं डोकं गेलंय हे खरं, नाहीतर तू नऊ वर्षं नव्हतास हे खरं. दोन्ही झाकायला तिसरं काही मला सापडलं नाही. तुला सापडलं असतं तर तू ते अठ्ठावीस मार्चला लिहिलं असतंस. मी त्यांना सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली नाहीत, तेवढी दया केली.

मग म्हणाले, "म्हणजे डोकं शाबूत आहे."

मी हो म्हटलं.

"मग छोट्या?"

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. बाहेर आले तर बाबाच बोलत होते, माझ्याशी की कुणाशी कळलं नाही. "मिनिटाच्या आत उत्तर यायचं तेव्हाच कळायला हवं होतं. असले छोटे प्रोग्राम मीच शिकवले त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तरी तेव्हा खरं मानायचं होतंस." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही काही बोलले असते.

वाचनालयाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथपाल बाईंकडे गेले. बाई भल्या आहेत, त्यांचे डोळे भरून आले. पण मी नाही कळवल्यावर समितीने मार्चातच नवं सॉफ्टवेअर ठरवून टाकलं होतं. बाबांचा प्रोग्राम महिनाअखेरीला बंद होणार. शाखांचा तो बदल त्यांनी तरीही केला. चार दिवसांत, एका हाताने, माझ्या कळांनी, तुझ्या एडिटरमध्ये. चालवून बघितला, बरोबर चालतो. आता तो कुणाला नको आहे.

काल संध्याकाळी मला हाक मारली. सामाईक फाईल उघडून बसले होते. डावा हात उशीवर. अगदी वरच्या ओळीवर होते, "ही फाईल दोघांची" या ओळीवर. मला वाटलं, तिथे तुझ्याऐवजी माझं नाव घालतायत. वाटलं खरं तसं, लपवत नाही. चाळिशी उलटली तरी दारात उभीच आहे मी.

त्यांनी डी दाबला. पुन्हा डी दाबला. ओळ गेली. दुसरं काही लिहिलं नाही तिच्या जागी.

मग मान वळवून मला विचारलं, "तुझ्यात असंच पुसतात ना?"

मी म्हटलं, हो बाबा, असंच.

"सोपं आहे," म्हणाले. "एका हाताने होतं."

आपल्या वादाचा निकाल लागला. मी जिंकले, तुला कळवायचं होतं. मेमध्ये यायचं तर ये, ते नको म्हणालेले नाहीत. ये म्हणालेले नाहीत. पहिल्या तारखेला आता त्यांचं मेल येणार नाही, तेव्हा तो तुझा चार ओळींचा प्रोग्राम बंद करून टाक.

ताई